वाचकांचे प्रश्न: वाढलेले इओसिनोफिल आणि पायातली गुठळी

या वेळी आलेल्या पत्रांत पाच पत्रं एकाच धाग्याची निघाली. रक्तात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) फार वाढलेले, जंताचं आणि हत्तीरोगाचं औषध देऊनही उतरत नाहीत आणि मध्येच कुठेतरी रक्ताची गुठळी. क्रोनिक इओसिनोफिलिक ल्युकेमिया हा रक्ताचा विरळा कॅन्सर असाच येतो. विदर्भात तो ओळखायला उशीर होतो, कारण त्याची जवळजवळ प्रत्येक खूण इथल्या एखाद्या नेहमीच्या दुखण्यासारखी दिसते. त्यामुळे ही पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार. माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे, शेती करतो. आठ महिन्यांपासून खोकला, अंगाला खाज आणि थकवा. पांढऱ्या पेशी २१,४००, त्यात इओसिनोफिल ५२ टक्के. जंताची गोळी दोनदा झाली, हत्तीरोगाच्या गोळ्या २१ दिवस झाल्या. मग डावा पाय सुजला, डॉप्लरमध्ये (शिरांच्या सोनोग्राफीत) गुठळी निघाली. रक्त पातळ करायचं औषध चालू असतानाच दुसऱ्या पायातही गुठळी झाली. आता नागपूरला म्हणतात की रक्ताचा कॅन्सर असू शकतो, पाठीच्या हाडातून पाणी काढावं लागेल. घरचे म्हणतात, याले गरमी झाली, हाड टोचून पोरगं लुळं होईल. काय करावं? (घाटंजी तालुका, यवतमाळ)

उत्तर : आधी भीतीचं बोलू. बोन मॅरोची, म्हणजे हाडातली मज्जा काढायची, सुई पाठीच्या कण्यात जात नाही. ती कमरेच्या मागच्या हाडात, बसल्यावर टेकतं त्याच्या वरच्या कंगोऱ्यात जाते. तिथे मज्जारज्जू नाहीच, त्यामुळे लुळं होण्याचा प्रश्न येत नाही. जागा बधिर करतात. आतलं द्रव ओढताना काही सेकंद खोलवर कळ येते, ती मात्र बधिर करूनही लागते. हे भावाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो दचकणार नाही. नंतर तिथे दाब देऊन पाठीवर झोपवतात. रक्त पातळ करायचं औषध चालू असल्यामुळे आदल्या दिवशीचा डोस घ्यायचा की टाळायचा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आता आकड्यांकडे या. टक्क्यांवर जाऊ नका, एकूण संख्या काढा. २१,४०० चे ५२ टक्के म्हणजे ११,१२८. निरोगी माणसात ही संख्या ५०० च्या आत असते. खेड्यात जंतांमुळे, दम्यामुळे, खाजेमुळे सातशे-हजार नेहमी दिसतात आणि त्याचं फार काही करावं लागत नाही. १,५०० च्या वर गेली आणि महिनाभराने पुन्हा तपासूनही तिथेच राहिली, तर शोध घ्यायलाच हवा. पूर्वी सहा महिने थांबायचा दंडक होता, २०२२ च्या जागतिक वर्गीकरणात तो चार आठवड्यांवर आणला. तुमच्या भावाचे तर आठ महिने गेले आहेत.

जंत आणि हत्तीरोग आधी पाहिले हे बरोबरच झालं. रात्रीचा खोकला, छातीत घरघर आणि इओसिनोफिल ३,००० च्या वर असं चित्र हत्तीरोगाच्या जंतूंनी फुप्फुसात होणाऱ्या आजारातही दिसतं. पण तो आजार असता तर डायइथाइलकार्बामाझिनच्या, म्हणजे हत्तीरोगाच्या त्या गोळ्यांच्या, २१ दिवसांत खोकला मोकळा झाला असता आणि आकडा झपाट्याने खाली आला असता. एक गोष्ट मात्र राहिली असण्याची शक्यता आहे. शेतात अनवाणी चालणाऱ्यांच्या पायातून शिरणारा स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत जंताच्या नेहमीच्या अल्बेंडाझोलच्या एका गोळीने खात्रीने मरत नाही, आणि एकदा शौच तपासून सापडेलच असंही नाही. त्याला आयव्हरमेक्टिन लागतं, किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, दोन दिवस. ५५ किलोच्या माणसाला रोज साधारण १२ मिलिग्रॅमची एक गोळी. हे स्टिरॉइडच्या आधी उरकायचं, कारण स्टिरॉइडखाली हा जंत अंगभर पसरून जीव घेऊ शकतो.

दुसरी गुठळी औषध चालू असताना का झाली, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. इओसिनोफिलच्या पोटात विषारी दाणे असतात. ते फुटले की त्यातली प्रथिनं रक्तवाहिनीचं आतलं अस्तर खरवडतात. रक्त पातळ ठेवणारा थ्रॉम्बोमोड्युलिन नावाचा नैसर्गिक लगाम या अस्तरावर असतो, तो त्यांच्यामुळे निकामी होतो, आणि गोठण्याची साखळी सुरू होते. म्हणजे कारखाना चालूच आहे आणि तुम्ही फक्त माल उचलताय. इओसिनोफिल खाली आल्याशिवाय गुठळ्या पूर्ण थांबत नाहीत. म्हणून औषध “लागू पडत नाही” म्हणून नुसतं बदलत बसू नये. दोन्ही उपचार सोबत चालले पाहिजेत.

हीच प्रथिनं हृदयाच्या आतल्या अस्तरालाही लागतात. आधी अस्तराला इजा, मग त्यावर गुठळी, मग ते जाड आणि ताठ होणं, असा हा क्रम आहे. डाव्या कप्प्याच्या टोकाला बसलेली गुठळी सुटून मेंदूत गेली तर अर्धांगवायू होतो. म्हणून टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की वाढतं ते प्रथिन) या दोन तपासण्या बोन मॅरोच्याही आधी करा. ईसीजी नॉर्मल आला म्हणून इको टाळू नका.

घरी एक गोष्ट पाहता येते. भावाचे हात साबणाने स्वच्छ धुऊन उजेडात नखं बघा. नखाच्या टोकाकडे, मांसाच्या दिशेने उभ्या, बारीक, लाल-काळसर रेषा दिसतात का? लाकडाची फास घुसल्यावर दिसते तशी. एका नखात एक असेल तर मार लागलेला असू शकतो. मार नसताना चार-पाच नखांत एकदम दिसल्या, तर बारीक रक्तवाहिन्यांत काहीतरी अडकतंय असं समजून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आता तपासण्यांचा क्रम, कारण तिथेच गोंधळ होतो. गावात कुणी “ताकदीचं” किंवा “खाजेचं” इंजेक्शन द्यायला निघालं तर नको म्हणा. त्यात बहुधा डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड असतं. ते दिल्यावर इओसिनोफिल काही तासांत गळून पडतात, आकडा फसवा येतो आणि आजार बरा झाला असं वाटतं. बी-१२ चं इंजेक्शनही तपासणीपूर्वी घेऊ नका. या ल्युकेमियाच्या एका प्रकारात रक्तातलं बी-१२ आपोआपच खूप वाढलेलं असतं आणि ती निदानाची मोठी खूण आहे. इंजेक्शन घेतलं की ती खूण वाया जाते. त्याच वेळी रक्तातलं ट्रिप्टेज, आयजीई, एलडीएच, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. डाव्या बरगडीखाली प्लीहा वाढलेली आहे का, हे सोनोग्राफीत कळतं. फिटची गोळी, गाऊटचं अॅलोप्युरिनॉल, सल्फा, क्षयाची औषधं यांनीही इओसिनोफिल वाढतात, तेव्हा वर्षभरात घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

मग मुख्य तपासणी. चौथ्या गुणसूत्राचा बारीक तुकडा गळून दोन जनुकं एकमेकांना चिकटतात. त्या जोडाला एफआयपी१एल१-पीडीजीएफआरए म्हणतात. तो २००३ मध्ये शोधला गेला. तुकडा इतका लहान असतो की नेहमीच्या गुणसूत्र तपासणीत दिसतच नाही. त्यासाठी फिश किंवा आरटी-पीसीआर ही जनुकाची चाचणी स्वतंत्रपणे लिहून मागावी लागते. ही चाचणी दंडातल्या रक्तावरही होते, म्हणून बोन मॅरोची तारीख लांब असेल तरी तिचा नमुना आधी जाऊ शकतो. “सगळे क्रोमोसोम नॉर्मल आहेत” एवढ्यावर फाइल बंद झालेले रुग्ण असतात, त्यांनी ही एक गोष्ट विचारावी. बोन मॅरोच्या नमुन्यावर गुणसूत्र तपासणी, आणि रक्ताच्या इतर कॅन्सरांत सापडणाऱ्या बीसीआर-एबीएल आणि जेएके२ या जनुकदोषांची तपासणी होते. अपरिपक्व ब्लास्ट पेशी २० टक्क्यांच्या खाली आहेत ना, हेही त्यातच पाहतात, कारण त्यापुढे गेल्यास आजार अॅक्युट ल्युकेमियात मोडतो. रक्तातल्या टी-पेशींची (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) फ्लो सायटोमेट्री, म्हणजे मशीनवर पेशी ओळखण्याची तपासणीही सांगतात. कधीकधी दोष टी-पेशींमध्ये असतो आणि इओसिनोफिल नुसते त्यांच्या हुकमाने वाढतात. तेव्हा उपचार वेगळा.

कॅन्सर आहे का, असं तुम्ही विचारता. हा जोड सापडला तर होय, रक्ताचाच कॅन्सर, आणि नव्या वर्गीकरणात त्याला वेगळा गट दिला आहे. पण रक्ताच्या आजारांत इतका चांगला प्रतिसाद फार थोड्यांत मिळतो. इमॅटिनिबची १०० मिलिग्रॅमची एक गोळी रोज, आणि बहुतेकांचे इओसिनोफिल एक-दोन आठवड्यांत नॉर्मल होतात. जोड सापडला नाही आणि तरी पेशी ल्युकेमियाच्याच ठरल्या, तर आजार अवघड असतो. मग हायड्रॉक्सीयुरिया, इंटरफेरॉन आणि योग्य रुग्णात अस्थिमज्जा प्रत्यारोपण असे मार्ग उरतात. म्हणून ही एक चाचणी चुकवू नका.

नागपूरला शासकीय मेडिकल आणि एम्स, वर्ध्याला सेवाग्राम आणि सावंगी, यांपैकी जे जवळ पडेल तिथे रक्तविकाराच्या किंवा मेडिसिनच्या ओपीडीत जा. श्वास लागणं, छातीत दुखणं, एका अंगाची ताकद जाणं, बोबडी वळणं, अचानक अंधुक दिसणं किंवा पोट फुगून तीव्र दुखणं यांपैकी काही झालं तर ओपीडीची वाट पाहू नका, १०८ बोलवा.

प्रश्न : मी तालुक्याच्या ठिकाणी लॅब चालवतो. माझं मशीन थ्री-पार्ट आहे. त्यात इओसिनोफिल वेगळे येत नाहीत. अशा रुग्णाचा रिपोर्ट कसा द्यावा? (मूल, चंद्रपूर)

उत्तर : तुमचं मशीन पेशींना लिम्फ, मिड आणि ग्रॅन अशा तीन गटांत टाकतं. इओसिनोफिल कधी मिडमध्ये, कधी ग्रॅनमध्ये जातात. मिड १० टक्क्यांच्या वर किंवा एकूण पांढऱ्या पेशी ११,००० च्या वर दिसल्या की काचपट्टी बघितल्याशिवाय रिपोर्ट सोडू नका.

लिशमन स्टेनमध्ये, म्हणजे काचपट्टी रंगवताना, चूक होते ती पाण्याची. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आणि क्षारयुक्त असतं. ते वापरलं की पट्टी निळसर पडते आणि इओसिनोफिलचे नारिंगी दाणे राखाडी दिसतात, मग ते न्युट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींत मोजले जातात. पीएच ६.८ चा बफर वापरा. स्टेन दोन मिनिटं, त्यावर दुप्पट बफर घालून आठ-दहा मिनिटं, मग बफरनेच धुवा. पट्टीच्या पातळ भागात, पेशी एकमेकींना न चिकटलेल्या ठिकाणी, १०० ऐवजी २०० पेशी मोजा. कडांना मोठ्या पेशी साचतात, तिथे मोजू नका. दोन पाकळ्यांचं केंद्रक आणि गच्च नारिंगी दाणे हा नेहमीचा इओसिनोफिल. या आजारात काहींचे दाणे विरळ होतात, मध्ये रिकामे पोकळ ठिपके दिसतात, तेही इओसिनोफिलच मोजायचे. असे दाणे गळालेले इओसिनोफिल प्रतिक्रियेतही दिसतात, तेव्हा त्यावरून ल्युकेमिया लिहू नका. रिपोर्टवर टक्क्यांसोबत एकूण संख्याही लिहा, आणि ब्लास्ट किंवा अपरिपक्व पेशी दिसल्या तर त्या वेगळ्या ओळीत.

नमुना पुढे पाठवताना पीसीआरसाठी जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब, फिश आणि गुणसूत्रासाठी हिरव्या टोपणाची सोडियम हेपॅरिन. दोन्ही गोठवायच्या नाहीत. पीसीआरचा नमुना थंड पेटीत, शक्यतो २४ तासांत आणि फार तर ४८ तासांत लॅबमध्ये पोहोचावा, म्हणून शनिवारी घेऊ नका. आयएनआरच्या (रक्त किती पातळ झालं ते सांगणाऱ्या तपासणीच्या) निळ्या ट्यूबमध्ये रक्त खुणेपर्यंतच भरा. ०.३ मिलिलिटर सायट्रेटला २.७ मिलिलिटर रक्त हे प्रमाण आहे. कमी भरली तर आयएनआर खोटा वाढलेला येतो आणि रुग्णाचं औषध विनाकारण कमी केलं जातं.

प्रश्न : मी आशा आहे. आमच्या भागात हत्तीपाय बरेच आहेत. सुजलेला पाय दाखवायला बाई आली की हा हत्तीपाय की गुठळी, कसं ओळखू? (लाखांदूर, भंडारा)

उत्तर : ताई, आधी विचारा, सूज किती दिवसांत आली. हत्तीपायाची सूज महिन्या-वर्षांत चढते, पावलाच्या पाठीपासून सुरू होते आणि मध्ये-मध्ये थंडी-ताप येऊन जांघेतून खाली उतरणारी लाल रेघ उठते. गुठळीची सूज तासा-दिवसांत येते, बहुधा एकाच पायाला, पोटरी दुखते, कडक लागते, कातडी गरम असते. टेप घ्या. गुडघ्याखाली समोर हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आणि दुखणं नवं असेल तर डॉप्लर होईपर्यंत ती गुठळीच समजा. हत्तीपाय असलेल्या जुन्या रुग्णालाही गुठळी होऊ शकते, तेव्हा “हिचा पाय तर नेहमीच सुजलेला असतो” म्हणून सोडू नका. नेहमीपेक्षा वेगळं काय, ते विचारा.

तोपर्यंत दोन गोष्टी होऊ देऊ नका. तेल लावून मालीश करायची नाही, कारण गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. आणि दुखतं म्हणून दंडात किंवा कुल्ल्यात सुई टोचायची नाही, कारण रक्त पातळ करायचं औषध सुरू झालं की त्या जागी आत रक्त साचतं. डॉप्लर त्या दिवशी मिळत नसेल आणि शंका पक्की असेल, तर डॉक्टर रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनचा पहिला डोस देऊनच पुढे पाठवू शकतात. चिठ्ठीवर घेराचे दोन्ही आकडे आणि सूज सुरू झाल्याची तारीख लिहा, ग्रामीण रुग्णालयात त्याचा फार उपयोग होतो.

प्रश्न : माझ्या मुलाला सिकलसेलचा एएस पॅटर्न आहे. त्याला पोटातल्या शिरेत गुठळी झाली आणि इओसिनोफिल ९,००० आहेत. सगळं सिकलसेलमुळेच आहे ना? (कोरची, गडचिरोली)

उत्तर : नाही. एएसमध्ये (नुसता वाहक) फुप्फुसातल्या गुठळीचा धोका थोडा वाढतो, एसएसमध्ये (प्रत्यक्ष आजार) बराच वाढतो, पण सिकलसेल इओसिनोफिल ९,००० वर नेत नाही. एसएसमध्ये पांढऱ्या पेशी वाढतात त्या न्युट्रोफिल असतात. प्लीहा वाढली आहे यावरूनही निवाडा होत नाही, कारण मध्य भारतातल्या सिकलसेल रुग्णांची प्लीहा मोठेपणीही टिकून असते. दोन आजार एकत्र असू शकतात असं धरून वर लिहिलेल्या सगळ्या तपासण्या करा. पोटाच्या शिरेत गुठळी आहे म्हणून जेएके२ चाचणी आवर्जून मागा. आणि पोर्टल शीर की यकृताची शीर, हे सोनोग्राफीच्या रिपोर्टवर स्पष्ट लिहून घ्या.

प्रश्न : माझ्या मालकांना इमॅटिनिब सुरू केलं आहे, सोबत रक्त पातळ करायची वॉरफेरिनची गोळी आणि थोडे दिवस स्टिरॉइड. ही कॅन्सरची गोळी परवडेल का, किती दिवस घ्यायची? पालेभाजी बंद करा म्हणतात, ते खरं का? (आर्वी, वर्धा)

उत्तर : स्टिरॉइड दिलंय ते योग्य आहे. ट्रोपोनिन वाढलेलं किंवा इको बिघडलेला असेल तर इमॅटिनिबच्या पहिल्या काही दिवसांत इओसिनोफिल एकदम फुटून हृदयाला धक्का बसू शकतो, त्यासाठी पहिले एक-दोन आठवडे प्रेडनिसोलोन सोबत देतात. ते सांगितल्याशिवाय मध्येच सोडू नका. गोळी जेवणासोबत आणि मोठा पेला भरून पाण्याने घ्यायची, उपाशीपोटी घेतली तर मळमळते. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज आणि पोटरीत वांब येणं हे नेहमीचं आहे. पण आठवड्यात वजन दोन किलोने वाढलं, दम लागला किंवा ताप आला तर लगेच दाखवा.

गोळी परवडते. मूळ कंपनीच्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, त्यामुळे भारतात ती जेनेरिक मिळते. राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीतही ती आहे. जनऔषधी केंद्रात विचारा. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं विचारा, पण बाहेरच्या लॅबमध्ये केलेली जनुक चाचणी योजनेत बसते का, हे नमुना देण्याआधी विचारा. पैसे भरून झाल्यावर परत मिळवणं कठीण जातं.

किती दिवस? वर्षानुवर्षं. आकडा नॉर्मल आला की गोळी बंद करण्याचा मोह होतो, आणि बंद केल्यावर बहुतेकांत आजार परत येतो. डोस कमी करायचा असेल तर त्या जोडाची पीसीआर निगेटिव्ह आहे हे पाहून डॉक्टरच करतील. गोळी चालू असताना मूल राहणार नाही याची तुम्ही दोघांनी काळजी घ्या, आणि पुढे मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

वॉरफेरिनचं मात्र नीट ऐका. इमॅटिनिब त्याचा परिणाम वाढवतं, म्हणून अनेक डॉक्टर सुरुवातीला हेपॅरिनची इंजेक्शनं पसंत करतात. तुमच्या डॉक्टरांना हे आठवण म्हणून विचारा. वॉरफेरिनच राहिलं तर पहिल्या महिन्यात आयएनआर दर आठवड्याला करा आणि तो २ ते ३ मध्ये ठेवा. मेथी, पालक, तरोटा, अंबाडी बंद करायची गरज नाही. अडचण होते ती महिनाभर भाजी नाही आणि मग पावसाळ्यात रोज दोन वेळा तरोटा, अशा चढउताराने. प्रमाण सारखं ठेवा. डायक्लोफिनॅक, अॅस्पिरिन, आणि ज्यात काय आहे ते लिहिलेलं नाही अशी पुडी टाळा. क्षयाचं रिफॅम्पिसिन किंवा फिटचं फेनिटॉइन सुरू झालं तर इमॅटिनिबची ताकद घटते, म्हणून नवीन डॉक्टरांना आधी या गोळीचं नाव सांगा.

इंजेक्शनं मिळाली तर आणखी एक. एनॉक्सापॅरिन (हेपॅरिनचाच एक प्रकार) २५ अंशांच्या आत ठेवायचं असतं आणि उन्हाळ्यात आपल्याकडे घरातच ४० च्या वर जातं. फ्रीज असेल तर खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. फ्रीज नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, डब्यात घालून, तो डबा माठाच्या ओल्या अंगाला टेकवून सावलीत ठेवा. सुई बेंबीपासून चार बोटं दूर, कातडीची घडी धरून, एक दिवस डावीकडे एक दिवस उजवीकडे. टोचल्यावर चोळू नका, नुसतं दाबून धरा.